तरुणांचे सायबर गुन्हे व आमचें कर्तव्य

शेतांतील तण दोन पानांचें असतां निंदून काढलें तर काम थोडक्यांत उरकतें. त्यास बीं धरूं दिलें तर पुढील कित्येक हंगाम त्याचा त्रास पुरतो. ही गोष्ट आमच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु घरांतील मुलांच्या बाबतींत आपण हाच नियम विसरतों, असें आम्हांस खेदानें म्हणावें लागतें.

मोबाईल व इंटरनेट यांच्या साह्यानें होणारी ठकबाजी आतां शहरापुरती राहिलेली नाहीं. झारखंडमधील जामताडा हा लहानसा जिल्हा बँकेच्या नांवानें खोटे फोन करणाऱ्या तरुणांमुळें देशभर कुप्रसिद्ध झाला. आपल्या खेड्यांत हें संकट बहुधा निराळ्या वाटेनें येतें. शिकून घरीं बसलेल्या मुलास कोणी ओळखीचा म्हणतो, "तुझें बँकेचें खातें व सिमकार्ड कांहीं दिवस मला दे, कमिशन मिळेल." मुलास वाटतें, यांत आपण कोणास लुबाडीत नाहीं. वस्तुतः कोणा वृद्धाची जन्माची पुंजी त्याच खात्यांत येऊन घटकाभरांत पुढें निघून जाते. तपास सुरू झाला म्हणजे पोलीस प्रथम या मुलाच्या दारीं येतात. सूत्रधार दूरच राहतो. खातें गोठविलें जातें, आणि त्यांत कांद्याच्या पट्टीचे पैसे असतील तर तेहि अडकतात.

अशा वेळीं गांवांत कोणी रदबदली करून प्रकरण दडपूं पाहतात, तर कोणी मुलास कायमचा चोर ठरवितात. आमच्या मतें दोन्ही मार्ग घातक होत. दडपलेल्या गुन्ह्यानें मुलाची भीड चेपते, आणि ज्याचें धन गेलें त्यास वाली उरत नाहीं. उलट, हाकलून दिलेला मुलगा ठकांच्या टोळीसच आपलें घर मानूं लागतो.

कायद्याची दृष्टि याहून समंजस आहे. संगणकाच्या साह्यानें दुसऱ्याचें सोंग घेऊन फसविल्यास माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वयें ३ वर्षांपर्यंत कैद व १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. तथापि आरोपी १८ वर्षांखालील असल्यास २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणें तो बाल न्याय मंडळापुढें जातो, व मंडळ त्यास समज, समुपदेशन अथवा समाजसेवा असाहि आदेश देऊं शकतें. १८ वर्षें पूर्ण झालेल्यास ही सवलत नाहीं. आणि कॉलेजांत जाणारीं आपलीं बहुतेक मुलें याच उंबरठ्यावर उभीं असतात.

सुधारणा अशक्य मात्र नाहीं. २०१६ सालीं 'मिराय' नामक प्रणालीनें असंख्य घरगुती उपकरणें काबीज करून इंटरनेटवर हाहाकार उडविला गेला. ती रचणाऱ्या तिघां अमेरिकन तरुणांनीं पुढें तपासयंत्रणेस साह्य केलें. तें ध्यानीं घेऊन २०१८ सालीं अलास्कांतील न्यायालयानें त्यांस तुरुंगाऐवजीं ५ वर्षांची परिवीक्षा, २,५०० तास समाजसेवा व नुकसानभरपाई अशी शिक्षा दिली. बुद्धि तीच, वळण बदललें.

आपण काय करावें? खातें, एटीएम कार्ड, सिमकार्ड वा ओटीपी दुसऱ्याच्या हवालीं करणें म्हणजे कोऱ्या कागदावर अंगठा देणें होय, हें प्रत्येक बापानें मुलास एकदां समोर बसवून सांगावें. विकास सोसायटीच्या वार्षिक सभेंत व गांवच्या हायस्कुलांत हाच विषय दरसाल निघावा. कोणाची रक्कम गेल्यास लाज न धरतां तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावें. जितका उशीर, तितकी ती हातीं लागण्याची आशा कमी. आणि दोष आपल्याच मुलाचा असेल तर वकिलाचा सल्ला घेऊन त्यास स्वतः पोलिसांकडे न्यावें, व पैसे परत करण्याची तयारी दाखवावी.

घराण्याची अब्रू गुन्हा झांकल्यानें राहत नाहीं. ज्याचें नुकसान झालें त्याचें भरून दिल्यानें राहते, असें आमचें स्पष्ट मत आहे.