गुटगुटीतपणाचं कौतुक पुरे!



आपल्या समारंभांत नऊ-दहा वर्षांच्या मुलाची ढेरी दिसली की "खात्यापित्या घरचं लेकरू" म्हणून आपण गालगुच्चा घेतो. त्या ढेरीआड यकृतात चरबी साठत असू शकते, हे कोणी बोलत नाही. ना पोट दुखत, ना कावीळ होत. रक्तात ट्रायग्लिसराइड वाढतात, चांगलं कोलेस्टेरॉल (एचडीएल) उतरतं. वाईट (एलडीएल) मात्र अनेकदा ठीकठाक दिसतं आणि आपण निश्चिंत होतो.

"आमचं मूल कुठे जाड आहे?" हा पुढचा बचाव. त्याला उत्तर पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी दिलंय. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी युडकिन यांचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय २२.३! पण शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के. पुण्याची नवजात बाळंही अशीच: वजन कमी, चरबी टिकून. म्हणजे वजनकाटा आपल्याला सहज फसवतो.

मग "आनुवंशिक आहे, काय करणार?" असं म्हणून हात झटकायचे का? मी पेशाने संशोधक. हा युक्तिवाद मला मुळीच मान्य नाही. प्रवृत्ती जन्मापासून असेल, पण ज्यूसचा डबा आपणच दप्तरात घालतो. जादा फ्रुक्टोजची चरबी यकृतच बनवतं. २०१९ साली 'जामा'त आलेल्या अमेरिकेतल्या प्रयोगात यकृतविकार असलेल्या ४० मुलांपैकी निम्म्यांची साखर आठ आठवडे जवळजवळ बंद केली. त्यांच्या यकृतातली चरबी सरासरी २५ वरून १७ टक्क्यांवर आली. इतरांची जेमतेम हलली. महत्त्वाचं म्हणजे आहार एकट्या मुलाचा नाही, अख्ख्या घराचा बदलला होता.

म्हणूनच सगळा दोष आईबापांच्या माथी मारणंही मला अप्रामाणिक वाटतं. शाळांच्या कँटीनमध्ये फक्त पौष्टिक पदार्थ विकावेत, असा नियम न्यूझीलंडमध्ये जून २००८ मध्ये आला आणि सरकार बदलताच फेब्रुवारी २००९ मध्ये रद्द झाला. कारण काय, तर निवडीचं स्वातंत्र्य! आठ वर्षांचं पोर जाहिरातींच्या माऱ्यात कसली निवड करणार? ब्रिटनने २०१८ साली गोड पेयांवर कर लावला आणि कंपन्यांनी मुकाट्याने साखर कमी केली. आपल्याकडे असा कर अजून नाही.

तेव्हा दोन गोष्टी करू या. कराची आणि शाळांच्या नियमाची मागणी आपापल्या खासदाराकडे लेखी करू या. आणि येत्या गणेशोत्सवात कोलाच्या बाटल्यांऐवजी पाणी आणि ताक ठेवू या. मोदक एकच, पण मनापासून खाऊ. बाप्पा रागावणार नाही. रागावलेच तर आपल्यातले काही काका-काकू रागावतील. त्यांची समजूत काढायला मी तयार आहे.