वर्कशॉपमध्ये मनाचाही एक तास हवा

गेल्या वर्षी पावसाळ्यात एका संध्याकाळी दवाखान्यात एक मुलगा आला. वय सतरा, आयटीआयला फिटरच्या दुसऱ्या वर्षाला. उजवा डोळा लाल, पाणी थांबत नव्हतं. सुट्टीच्या दिवशी ओळखीच्या वर्कशॉपवर ग्राइंडर चालवताना लोखंडाचा बारीक कण उडून बुबुळावर रुतला होता. अशा केसेस आमच्याकडे नव्या नाहीत. डोळा धुतला, पट्टी लावली आणि जळगावला नेत्रतज्ज्ञांकडे पाठवायची चिठ्ठी लिहायला घेतली. लिहिता लिहिता सवयीनं विचारलं, "काय रे, गॉगल नव्हता का?"

"व्हता ना डॉक्टर. खिसामाच व्हता."

सोबत आलेली आई म्हणाली, "याले कितलं बी सांगा, ऐकस नही."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तीन मित्र आले होते, एक जण मोबाइलवर शूटिंग करत होता. गॉगल लावला असता तर 'घाबरट' म्हणून चिडवलं असतं. याच मुलानं पंधराच दिवसांपूर्वी संस्थेतल्या चाचणीत सुरक्षिततेच्या प्रश्नांची उत्तरं बरोबर लिहिली होती. ग्राइंडरवर काम करताना डोळ्यांना संरक्षण हवं, हे त्याला तोंडपाठ होतं. म्हणजे माहिती कमी पडली नव्हती. तरीही गॉगल खिशातच राहिला. का, याचं उत्तर त्याच्या ट्रेडच्या कोणत्याच पुस्तकात नाही. ते मानवी विकास नावाच्या विषयात आहे, आणि तो विषय आपण या मुलांना शिकवतच नाही.

अमेरिकेत मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी २००५ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या वयाच्या ३०६ जणांना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ दिला. सिग्नल पिवळा झाल्यावर थांबायचं की आणखी थोडं पुढे रेटायचं, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. एकटे खेळताना तेरा ते सोळा वयाची मुलं आणि मोठी माणसं यांच्यात फारसा फरक दिसला नाही. मग तोच खेळ मित्र बघत असताना खेळायला लावला. मोठी माणसं होती तशीच खेळली. मुलांनी मात्र खूप जास्त धोका पत्करला. अठरा ते बावीस वयाचे तरुणही वाढले, पण मुलांइतके नाही.

याचं कारण मेंदूच्या वाढीच्या क्रमात सापडतं. बक्षीस, मजा आणि शाबासकी यांनी खुलणारा मेंदूचा भाग वयात येताना जोरात कामाला लागतो. कपाळामागचा, म्हणजे थांबवणारा आणि परिणामांचा विचार करणारा भाग मात्र विशी ओलांडल्यावरही पक्का होत असतो. इंजिन लावून झालंय आणि ब्रेक अजून फिट होतोय, असं मी मुलांना सांगतो. फिटरच्या मुलांना ते लगेच कळतं. मात्र यातून 'या वयाची पोरं बेअक्कलच' असा निष्कर्ष कोणी काढू नये. एकटी असताना ती शहाण्यासारखीच वागतात, असं हाच प्रयोग सांगतो. म्हणून नुसत्या सूचनांचा फलक वाढवून उपयोग नाही. ज्या मित्रांसमोर गॉगल काढला जातो, त्याच मित्रांकडून तो लावून घेता आला पाहिजे. गटातल्या ज्या मुलाचं इतर ऐकतात, त्यालाच निदेशकांनी मशीनजवळच्या तपासणीचं काम दिलं तर पुष्कळ फरक पडू शकतो. त्याला पैसा लागत नाही. आपल्यासमोरचा मुलगा वयाच्या कोणत्या टप्प्यावर आहे, हे ठाऊक असावं लागतं.

आता वेळापत्रक पाहा. २०२२ मध्ये सुधारलेल्या अभ्यासक्रमात आयटीआयच्या पहिल्या वर्षाला १२०० तास आहेत. त्यातले ८४० तास प्रात्यक्षिकाचे, २४० तास ट्रेडच्या सिद्धांताचे आणि १२० तास 'रोजगारक्षमता कौशल्ये' या विषयाचे. दुसऱ्या वर्षी हा शेवटचा विषय ६० तासांवर येतो. त्यात काय काय आहे? संविधानिक मूल्यं आहेत, इंग्रजी आहे, संवादकौशल्य, संगणक, बँक आणि कायद्याची ओळख, उद्योजकता, ग्राहकसेवा, मुलाखतीची तयारी आहे. विविधता आणि समावेशकतेवर एक प्रकरण आहे, आणि ते असणं चांगलंच. या यादीला माझा विरोध नाही. पण ती कारखान्याच्या गेटवर उभं राहून केलेली आहे. आत येणारा मुलगा कसा असावा, एवढंच त्यात पाहिलेलं आहे. तो मुलगा सध्या कसा वाढतोय, त्याच्या शरीरात, मनात, घरात आणि मित्रांत काय चाललंय, याला तिथे जागा नाही. शिवाय हे तास प्रत्यक्षात कसे होतात, हे या क्षेत्रातल्या कोणालाही विचारा. निदेशकांच्या रिकाम्या जागांची तक्रार जुनी आहे, आणि ज्या विषयाला यंत्र लागत नाही तो सगळ्यात आधी 'ऑफ' जातो.

मी हे खान्देशातून लिहितोय, आणि याच धरणगावात १८९० मध्ये जन्मलेल्या एका मुलाची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरलं. तिथे त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाच्या पोरसवदा मुलानं कविता म्हटली. अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी त्याला 'बालकवी' हे नाव दिलं. वय किती, तर त्या डोळा लाल घेऊन आलेल्या मुलाइतकंच, सतराच्या आतबाहेर. मोठ्या माणसांनी भर सभेत त्याला सांगितलं की तू अमुक आहेस, आणि तो शेवटपर्यंत त्या नावानं ओळखला गेला.

एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञानं १९५० मध्ये माणसाच्या आयुष्याचे आठ टप्पे मांडले. त्यात शाळकरी वयाचा प्रश्न असा, की मला काही करता येतं, की मी कुचकामी आहे? किशोरवयाचा प्रश्न त्याच्या पुढचा, मी कोण आहे? आयटीआयला येणारी बरीच मुलं पहिल्या प्रश्नात मार खाऊन दुसऱ्या प्रश्नापाशी आलेली असतात. दहावीला टक्के कमी पडले, घरात मोठ्या भावाशी तुलना झाली, पाहुण्यांनी 'काय करतो?' विचारलं की मान खाली घालून 'आयटीआय' म्हणायचं. आपण त्यांना दिलेलं नाव 'ढ' असतं. मग हाच मुलगा मित्रांच्या मोबाइलसमोर शूर ठरायला बघतो, यात नवल कसलं?

जाता जाता, या मुलांना हटकून सांगावी अशी एक गोष्ट. एरिक्सनकडे स्वतःची विद्यापीठाची पदवी नव्हती. तरुणपणी तो चित्रं काढत युरोपभर भटकला आणि पुढे व्हिएन्नात अ‍ॅना फ्रॉइडच्या हाताखाली शिकला. नंतर तो हार्वर्डला शिकवत होता. अहमदाबादच्या गिरणी कामगारांच्या १९१८ च्या संपावर आणि गांधीजींवर त्यानं लिहिलेलं पुस्तक १९६९ मध्ये आलं आणि त्याला पुलित्झर पारितोषिक मिळालं. 'मी कोण' हा प्रश्न त्यानं आधी स्वतःलाच विचारलेला होता.

एरिक्सनपर्यंत जायचं नसेल तर अमळनेरपर्यंत जाऊ, धरणगावहून रेल्वेनं ते फार लांब नाही. १९२४ पासून सहा वर्षं साने गुरुजी तिथल्या शाळेत शिक्षक होते आणि छात्रालय सांभाळत होते. खेड्यापाड्यांतून आलेली मुलं, घरापासून पहिल्यांदा लांब. गुरुजींनी 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक चालवलं, पुढे 'विद्यार्थी' मासिक काढलं. वाढत्या मुलांशी रोज काहीतरी बोललं पाहिजे, हे त्यांना कोणत्या परिपत्रकानं सांगितलं नव्हतं. पण प्रत्येक संस्थेला साने गुरुजी मिळत नाहीत, म्हणूनच हे काम अभ्यासक्रमात यायला हवं, असं माझं म्हणणं आहे.

या तासांत शिकवायचं काय? झोपेपासून सुरुवात करा. या वयात झोप आणणारं मेलॅटोनिन रात्री उशिरा वाढू लागतं, त्यामुळे झोप उशिरा लागते. गरज मात्र आठ ते दहा तासांची असते. पहिल्या पाळीसाठी गावातून पहाटेची एसटी धरणारा मुलगा रात्री बारापर्यंत मोबाइल बघत असेल, तर सकाळी लेथवर उभा राहतो तो अर्धवट झोपेत. त्याला आळशी म्हणण्याआधी हा हिशेब त्याच्यासमोर फळ्यावर मांडून दाखवावा. मग गुटखा, दारू आणि पहिली चव कोण देतो, हा प्रश्न. उत्तर जवळपास नेहमीच 'मित्र' असतं. 'नाही' म्हणणं हे हातोडीसारखंच सरावानं येतं. वर्गात खोटं खोटं नाटक करून त्याचा सराव घ्यावा लागतो, भाषण देऊन चालत नाही. आणि तो अहिराणीत घ्यावा. पुस्तकी मराठीत कोणी मित्राला नकार देत नाही.

मुलींचं वेगळं आणि जास्त अवघड. शिवणकामाच्या किंवा संगणकाच्या ट्रेडमधली मुलगी दुसऱ्या सत्रात अचानक यायची बंद होते. चौकशी केली तर लग्न ठरलेलं असतं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. त्याच पाहणीत पंधरा ते एकोणीस वयाच्या निम्म्याहून अधिक मुली रक्तक्षयी आढळल्या. तासन्‌तास बसून चक्कर येते, लक्ष लागत नाही, आणि निदेशकांना वाटतं हिला कामात रस नाही. पाळीबद्दल, रक्ताबद्दल, शरीरसंबंधांबद्दल आणि संमतीबद्दल बोलायचं नाही, हा आपला जुना संकोच. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' काढून त्याच्याशी झुंज दिली. शंभर वर्षं होत आली. वर्गात अजून शिक्षक ते पान उलटून पुढे जातात.

आणि मग पहिला पगार. आमच्याकडची मुलं जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या आणि पाइपच्या कारखान्यांत जातात, पुण्याला जातात, आणि सुरतेला तर पिढ्यान्‌पिढ्या जात आहेत. एका खोलीत सात-आठ जण, रात्रपाळी, हातात पहिल्यांदा पैसे आणि शेजारी आई-बाप नाहीत. घराबाहेर पडणं हा विकासाचाच टप्पा आहे, पण त्याची पूर्वतयारी कोणी करून घेत नाही. उचल घेतली की काय होतं, घरी किती पाठवायचं, एकटेपणा कसा ओळखायचा, मित्र दोन-तीन आठवडे जेवत-बोलत नसेल तर काय करायचं. अठरा वर्षांखालच्याला धोकादायक कामावर ठेवता येत नाही, हे २०१६ च्या कायदा दुरुस्तीनं स्पष्ट केलं आहे. आयटीआयला प्रवेश चौदाव्या वर्षापासून मिळतो, म्हणजे अठराच्या आत बाहेर पडणारी मुलं असतातच. त्यांना स्वतःचा हा हक्क माहीत हवा.

'आधीच अभ्यास जास्त, त्यात आणखी एक विषय?' ही हरकत मला ठाऊक आहे. नवा विषय नकोच. १२० तासांतले तीस तास यासाठी बाजूला काढा. ग्राहकसेवेचे आणि मुलाखतीचे थोडे कमी झाले तर काही बिघडत नाही, कारण मुलाखतीत घाम फुटतो तो इंग्रजीपेक्षा 'मी ढ आहे' या समजुतीमुळे जास्त. या तीस तासांची बहुपर्यायी परीक्षा मात्र घेऊ नका. गॉगलचा प्रश्न त्या मुलानं बरोबर सोडवला होता, हे विसरू नये. आणि शिकवायला फक्त निदेशकांना जुंपू नका. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून चालू आहे, सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिक आहेत, समुपदेशक आहेत. ते शाळांपर्यंत कसेबसे पोचतात, आयटीआयच्या फाटकातून मात्र क्वचितच आत येतात. आम्ही खासगी डॉक्टरही यातून सुटत नाही. महिन्यातला एक तास देणं तालुक्याच्या गावातल्या कोणत्याही डॉक्टरला जमण्यासारखं आहे. मी देतो, आणि दर वेळी मुलांचे प्रश्न माझ्या तयारीच्या पुढचे असतात. मागच्या खेपेला चिठ्ठ्या टाकायला सांगितल्या होत्या, नाव न घालता. सगळ्यात जास्त चिठ्ठ्या आजाराच्या नव्हत्या. 'वडील माझ्याशी बोलत नाहीत' या अर्थाच्या होत्या. त्याचं औषध माझ्याजवळ नव्हतं. आम्ही त्यावर पाऊण तास बोललो आणि पुढच्या महिन्यात पालकांना बोलवायचं ठरवलं. बारा जण आले, त्यातले अकरा आया.

त्या मुलाचा डोळा बरा झाला. नजरेत दोष राहिला नाही. या उन्हाळ्यात तो पास झाला आणि सुरतेला उधन्यात एका कारखान्यात लागतोय. जाण्याआधी खोकल्याचं औषध न्यायला आला, तेव्हा सहज विचारलं, खोलीवर किती जण? म्हणाला, सात. त्याचा मोबाइल मागून घेतला आणि टेलिमानसचा १४४१६ हा नंबर त्यात टाकून दिला. हा फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, तुला नाही तर त्या सहांपैकी कुणाला लागेल, असं सांगितलं. त्यानं मान हलवली, आणि शर्टाच्या खिशातून नवा गॉगल काढून मला दाखवला. मी म्हटलं, "खिशात नको रे बाबा." हसत हसत तो गाडी गाठायला पळाला.