परंड्याच्या तटामागचे हबशी

१/ इ.स. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगर घेतले. निजामशाही मात्र संपली नाही. मलिक अंबरने धाराशिव जिल्ह्यातील परंडा किल्ल्यात दुसऱ्या मुर्तझाला गादीवर बसवले आणि परंडा राजधानी झाले.

२/ अंबर जन्माने इथिओपियाचा, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला. त्याला विकत घेणारा निजामशाहीचा पेशवा चंगेजखान हाही हबशीच आणि पूर्वाश्रमीचा गुलाम.

३/ अमेरिकेत गुलामी पिढ्यान्‌पिढ्या चाले. दख्खनेत मुक्त झालेला गुलाम सरदारही होऊ शके. पण म्हणून ही गुलामी सौम्य ठरत नाही. घर आणि मायबोली दोन्हीकडे सारखीच हिरावली गेली.

४/ इतिहासात अंबरचे नाव उरले. त्याच्या पदरचे सामान्य हबशी शिपाई काय खात, आपसांत कोणत्या भाषेत बोलत, याच्या नोंदी अभावानेच आढळतात. एकाच्या गौरवाने इतरांचे मौन भरून निघत नाही.

५/ परंड्याला जाणाऱ्यांनी तोफा जरूर पाहाव्यात. मात्र ‘हबशी’ हा शब्द आज काळ्या वर्णाच्या टिंगलीसाठी का वापरला जातो, याचाही विचार करावा. ज्यांनी ही गादी राखली, ते परके नव्हते, दख्खनचेच होते.