फी माफ, पण पुस्तकांस कुलूप!

महाराष्ट्र सरकारनें २०२४ सालीं एक चांगलें काम केलें. ज्या घराचें वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांच्या आंत आहे, त्या घरच्या मागास व दुर्बळ वर्गांतील मुलींची व्यावसायिक शिक्षणाची शिकवणीची व परीक्षेची फी पूर्ण माफ केली. चांगल्यास चांगलें म्हणण्याची आमची रीत आहे, म्हणून सरकारचें अभिनंदन करून पुढें बोलतों. फी माफ झालेली मुलगी कॉलेजांत जाऊन बसते. पहिल्याच आठवड्यांत गुरुजी फळ्यावर पुस्तकांची यादी लिहितात. ती यादी माफ झालेली नसते! बापानें सोयाबीन विकून पोरीचें भाडें व खानावळ भागवावी, कीं यादींतलीं पुस्तकें आणावीं? अखेर परीक्षेच्या तोंडावर एक गाईड घरीं येतें. गाईडांत उत्तरें असतात, विद्या नसते. पोरगी पास होते. पण ज्याकरितां ती गांव सोडून गेली, तें तिच्या पदरीं पडत नाहीं.

पूर्वीं थोरल्या भावाचीं पुस्तकें धाकट्या बहिणीस उपयोगी पडत. २०२४-२५ पासून संलग्न कॉलेजांस नवें धोरण लागू झालें, अभ्यासक्रम बदलले आणि तीही सोय गेली.

महात्मा फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर साहेबांच्या कमिशनापुढें रोखठोक सांगितलें होतें कीं, सरकारचा वसूल रयतेच्या घामांतून येतो आणि त्याचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उंच शिक्षणावर होतो. आज कॉलेजांचीं दारें रयतेच्या मुलांस उघडीं आहेत, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु विद्या दारांत नसते, ती पुस्तकांत असते. पूर्वीं ग्रंथांवर जातीचा पहारा होता. आज किंमतीचा आहे, आणि त्याच्या जोडीस इंग्रजीचा आहे. पहारेकरी बदलला म्हणून बाहेर उभें राहणारांस काय सुख?

खालच्या वर्गांत हें कोडें सुटलें आहे. १९६७ सालीं पाठ्यपुस्तक मंडळ निघालें, त्यास आपण बालभारती म्हणतों. आम्ही शाळामास्तर जूनमध्यें पहिली ते आठवीच्या पोरांच्या हातीं पुस्तकें फुकट ठेवतों. कोणाचा बाप जमीनदार, कोणाचा ऊसतोडीवर, पुस्तक एकच. शिवाय बारावीपर्यंतचीं पुस्तकें मंडळाच्या संकेतस्थळावरून कोणासही मोबाईलवर उतरून घेतां येतात. मग तेराव्या वर्षाशीं असें काय घडतें कीं सरकारचा हात एकदम आंखडावा?

कोणी म्हणेल, उंच शिक्षणाचे ग्रंथ फुकट देणें शक्य नाहीं. शक्य आहे, कारण लोकांनीं तें केलें आहे. अमेरिकेंत ह्यूस्टन येथील राइस विद्यापीठांत रिचर्ड बरानियुक नांवाच्या प्राध्यापकांनीं १९९९ सालीं या कामाचा पाया घातला. त्यांतून ओपनस्टॅक्स नांवाचें काम उभें राहून २०१२ पासून पदार्थविज्ञान, समाजशास्त्र वगैरे विषयांचीं कॉलेजचीं पुस्तकें सर्व जगास खुलीं झालीं. त्याच सालीं कॅलिफोर्निया संस्थानानें सरकारी कॉलेजांच्या ५० अभ्यासक्रमांसाठीं अशीं पुस्तकें करविण्याचा कायदा केला. इतक्या दूर तरी कशास जावें? आपल्याकडील तंत्रशिक्षण परिषदेनें ई-कुंभ या संकेतस्थळावर इंजिनियरिंगचीं पुस्तकें मराठींतही फुकट ठेवलीं आहेत. मग बी. ए., बी. कॉम., बी. एस्सी. च्या पोरांनीं कोणतें पाप केलें?

याहून लाजेची गोष्ट अशी कीं, आपण हें काम एकदां अर्धें केलें होतें. देशी भाषांत विद्यापीठांचे ग्रंथ व्हावेत म्हणून १९६८ च्या धोरणानंतर मध्यवर्ती सरकारनें प्रांतांस पैसा दिला. नागपुरास महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ झालें आणि मोठ्या विद्वानांकडून त्यानें मराठींत ग्रंथ लिहवून घेतले. ते ग्रंथ रयतेच्या पैशांनीं झाले. आज ते कोठें आहेत? जुन्या कॉलेजांच्या कपाटांत धूळ खात आहेत! त्यांतील पुष्कळ अजून उपयोगाचे आहेत. विहीर आपण खणली, पाणीही लागलें, आणि दोरी मात्र कपाटांत ठेवून दिली.

हा इतिहास उगाळण्याचें कारण असें कीं, पुन्हां पैसा येऊं घातला आहे. जुलै २०२४ मध्यें दिल्लीहून अस्मिता नांवाची योजना निघाली. पांच वर्षांत देशी भाषांत मिळून २२,००० पुस्तकें करण्याचा तिचा संकल्प आहे. फेब्रुवारी २०२५ च्या अंदाजपत्रकांत भारतीय भाषांतील पुस्तकें डिजिटल रूपांत देण्याची योजनाही जाहीर झाली. या पुस्तकांवर हक्क कोणाचा राहणार, हा प्रश्न आजच विचारला पाहिजे. मागाहून विचारणें म्हणजे बैल गेला नि झोंपा केला.

येथें फुकट आणि खुलें यांतील भेद वाचकांनीं ध्यानांत घ्यावा. बालभारतीचें पुस्तक उतरून घेतां येतें, पण परवानगीवांचून त्यांतील मजकूर छापूं नये असें आंत लिहिलेलें असतें. खुल्या पुस्तकास असा अडसर नसतो. लेखकाचें नांव राखून कोणीही त्याची नक्कल करावी, छापावें, चूक दुरुस्त करावी, अहिराणींत किंवा गोंडींत उतरवावें. हा हक्क आधींच लिहून दिलेला बरा. कारण तो नसला म्हणजे काय होतें, हें दिल्लीनें पाहिलें आहे. २०१२ सालीं ऑक्सफर्ड, केंब्रिज व टेलर अँड फ्रान्सिस या बड्या प्रकाशकांनीं दिल्ली विद्यापीठांतील एका झेरॉक्सच्या दुकानावर फिर्याद केली. २०१६ सालीं हायकोर्टानें १९५७ च्या कायद्याचा आधार घेऊन, शिकवण्याच्या कामापुरत्या नकला काढण्यास मुभा आहे असें ठरविलें. न्याय मिळाला, परंतु चार वर्षें लागलीं. गरिबाच्या पोराची पदवी तीन वर्षांत संपते.

लेखकांनीं काय खावें, असाही प्रश्न येतो आणि तो रास्त आहे. प्राध्यापकानें रात्र जागून लिहावें आणि त्यास कोरडे आभार मिळावे, हें आम्हांस मान्य नाहीं. त्याला मानधन सरकारी तिजोरींतून एकदाच, पण पुरेसें द्यावें. आणि बढतीच्या वेळीं असा ग्रंथ शोधनिबंधाच्या बरोबरीनें मोजावा. प्रकाशकांचाही धंदा बुडत नाहीं. खुलें पुस्तक त्यांनींही छापावें व विकावें. किंमत मात्र कागदाची व छपाईची पडेल.

आणि केवळ मोबाईलवर भिस्त ठेवूं नये. जेथें घरांत एकच मोबाईल आहे, तेथें तो आधीं मुलाच्या हातीं जातो आणि मुलगी चुलीपाशीं राहते. म्हणून प्रत्येक कॉलेजानें या पुस्तकांच्या प्रती लागत खर्चांत छापून द्याव्या. मुकुंदराव पाटलांनीं तरवडीसारख्या खेड्यांतून ‘दीनमित्र’ काढून चालविला. आज तालुक्याच्या गांवीं चार पुस्तकें छापणें कोणी अशक्य म्हणूं लागला, तर तो आळशी तरी असावा किंवा लबाड तरी.

आमचें मागणें थोडकें आहे. रयतेच्या पैशांनीं झालेलें प्रत्येक पुस्तक, जुनें किंवा नवें, रयतेस खुलें असावें. विद्यापीठाच्या अभ्यासमंडळानें प्रत्येक विषयास निदान एक खुलें मराठी पुस्तक नेमल्याशिवाय यादी मंजूर करूं नये. सिनेटच्या निवडणुकींत आपल्या दारीं मतें मागण्यास येणारांस पदवीधर बंधुभगिनींनीं हाच प्रश्न घालावा आणि उत्तर लेखी घ्यावें. शाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें, तेव्हां पैसा कोठून आणणार असें विचारणारे शहाणे पुष्कळ होते. महाराजांनीं पैसा उभा केला आणि शाळा चालविल्या. येथें तर पैसा मंजूर होत आहे. त्यावर पहारा कोणाचा बसावा, एवढेंच आपणांस ठरवावयाचें आहे.