यंत्राला मॅन्युअल, माणसाला "विचारून घे"

काल रात्री खाप्याला घरी पोचलो. सकाळी कन्हानच्या काठावर चक्कर मारून आलो, तरी डोकं शांत होईना. म्हणून लिहितोय.

गेल्या आठवड्यात ऑफिसात एक प्रकार झाला. टीममधल्या एका फ्रेशरने एआय एजंटला सांगितलं, "टेस्ट फेल होतेय, बघ." एजंटने बघितलं. अर्धवट बदल आड येताहेत असं त्याने ठरवलं आणि सरळ 'गिट रिसेट हार्ड' मारलं. पोराचं दोन दिवसांचं काम साफ! आता तुम्ही म्हणाल, रिफ्लॉग आहे ना. आहे हो, पण रिफ्लॉग कमिट शोधून देतो. जे कधी कमिटच झालं नाही, 'ॲड'सुद्धा झालं नाही, ते गिटच्या दृष्टीने जन्मालाच आलेलं नसतं.

मग मीटिंग. ठरलं की एजंटसाठी 'एजंट्स डॉट एमडी' फाईल लिहायची. दोन दिवसांत दोनशे ओळी तयार. ब्रांचला नाव काय द्यायचं, कमिट मेसेज कसा लिहायचा, रिबेस कधी, मर्ज कधी, सगळं. फ्रेशरने ती वाचली आणि शांतपणे विचारलं, "सर, मी जॉइन झालो तेव्हा हे मला का नाही दिलं?"

कोणाकडेच उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही. कारण त्याला पहिल्या दिवशी "अडलं तर विचारून घे" असं सांगणारा मीच होतो.

मंडळी, माझं भांडण इथेच आहे. लिनस टॉरवाल्ड्सने गिट 2005 साली केलं. त्यात 'चेकआउट' ही एकच कमांड ब्रांचही बदलायची आणि फाईलमधले बदलही न विचारता पुसायची. 'स्विच' आणि 'रिस्टोअर' या वेगळ्या कमांड आल्या ऑगस्ट 2019 मध्ये, आवृत्ती 2.23 ला. रिबेस करताना 'अवर्स' आणि 'दीअर्स' यांचे अर्थ उलटे होतात, ते आजही तसंच आहे. इतकी वर्षं ठेचा खाणाऱ्या पोरांना आपण काय सांगितलं? "होईल सवय." आणि यंत्र एकदा ठेचकाळलं तर दोन दिवसांत दोनशे ओळी!

काही जण म्हणतात, एजंटच्या निमित्ताने का होईना, डॉक्युमेंटेशन होतंय ना? खरंय. पण नावातच 'एजंट' असलेली फाईल माणूस उघडत नाही. आणि आमच्या फाईलमध्ये निम्म्या ओळी गिटच्या कमांड समजावण्यात गेल्या. अहो, गिटचं मॅन्युअल त्याला आपल्यापेक्षा जास्त पाठ आहे! त्याला माहीत नाही ते आपलं घर. रिलीज कुठल्या ब्रांचवरून जातं, कुठलं फोल्डर हाताने बदलायचं नाही, आणि का. हा 'का' फ्रेशरलाही माहीत नसतो.

खास यंत्रासाठी लिहायचं ते चार ओळींत बसतं. इंटरॅक्टिव्ह रिबेस वापरू नको, एडिटर उघडून अडकशील. पेजर बंद ठेव. स्टेटस वाचायचं तर 'पोर्सलीन' पर्याय दे, त्याचं आउटपुट स्क्रिप्टसाठी स्थिर ठेवलेलं असतं. कमिट न झालेलं काही दिसलं तर हात लावू नको, विचार. बाकी सगळं माणसांच्या फाईलमध्ये, आणि एजंटच्या फाईलमध्ये फक्त "ती वाच" एवढंच.

आणि "फोर्स पुश करू नये" ही पाटी आहे, कुलूप नाही. कुलूप सर्व्हरवर लागतं, ब्रांच प्रोटेक्ट करून. एजंटला वेगळी वर्कट्री द्या, ही सोय गिटमध्ये 2015 पासून आहे. ती दिली असती तर त्या पोराचे दोन दिवस वाचले असते.

हे सगळं जेवताना बाबांना सांगितलं. त्यांना गिट माहीत नाही, सातबारा माहीत आहे. म्हणाले, "अबे, सातबाऱ्यावर पहिले जुनं नाव खोडत नव्हते, कंसात टाकत होते. बाजूले फेरफार नंबर असते. काहून बदललं ते फेरफार काढून पाहाचं."

बघा, म्हणजे काय बदललं, का बदललं, जुनं काय होतं, सगळं शाबूत. शिवाय फेरफाराची नोंद करणारा एक आणि ती प्रमाणित करणारा दुसरा. आपल्याकडे मात्र एजंटच लिहितो, एजंटच तपासतो, आणि गेलं तर जबाबदार कोण? फ्रेशर! मीटिंगमध्ये "तू कमिट का केलं नव्हतंस" हे त्यालाच ऐकावं लागलं. मी समोर बसून गप्प होतो, हेही लिहून ठेवतो.

सोमवारी दोन कामं करणार आहे. त्या दोनशे ओळींतल्या कामाच्या ओळी माणसांच्या फाईलमध्ये हलवणार, आणि ती फाईल तपासायला सगळ्यात आधी त्या पोराला देणार. त्याला जी ओळ कळणार नाही ती चुकीची, असं धरून.

तुमच्या टीममध्ये ही फाईल कोणासाठी लिहिली आहे? एकदा उघडून बघा.