धबधब्याची वाट आणि परतीचे शहाणपण

आषाढ लागला की भिलाईतील रुआबांधा वसाहतीचे रूप पालटू लागते. पोलाद कारखान्याच्या या वसाहतीत उन्हाळाभर धुळीने मळलेली झाडे धुऊन निघतात, अंगणात पाणी साचते आणि घराघरांतून भज्यांचा वास दरवळू लागतो. रुआबांधा या नावातच पाणी आहे. पाणी अडवून केलेल्या तलावास छत्तीसगढी बोलीत ‘बांधा’ म्हणतात. जवळच मरोद्याचा विस्तीर्ण तलाव आहे. तांदुळा धरणाचे पाणी कालव्याने तेथे येते आणि कारखान्याची तहान भागवते. हे सारे पाणी शिस्तीचे आहे. ते बांधाने अडवलेले, कालव्याने आणलेले आणि मोजून सोडलेले असते. बेभानपणे कोसळणारे पाणी पाहायचे असेल, तर मात्र छत्तीसगढचे सपाट मैदान ओलांडून डोंगराच्या कडेपर्यंत जावे लागते.

१९५५ साली सोव्हिएत रशियाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याच्या निमित्ताने देशाच्या सर्व भागांतून माणसे आली, त्यांत मराठी कुटुंबेही होती. या कुटुंबांना गावाकडे नेणारा लोहमार्ग दुर्ग, राजनांदगाव, डोंगरगड, पानियाजोब आणि बोरतलाव अशी स्थानके मागे टाकीत पश्चिमेकडे जातो. बोरतलाव सोडले की घनदाट जंगल आणि बोगदा लागतो, आणि दरेकसा हे महाराष्ट्रातील स्थानक येते. गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातील या टापूतच ‘हाजरा फॉल’ हा धबधबा आहे. पावसाळ्यात गाडी तेथून जाऊ लागली की खिडकीजवळची मुले ओरडतात आणि पेंगणारी मोठी माणसेही डोळे उघडतात. आज ना उद्या येथे उतरून चालत जायचे, असा संकल्प त्या खिडकीशी कित्येकांनी केला असेल.

हा संकल्प अगदी स्वाभाविक आहे. पावसात चालत जाऊन धबधबा गाठण्यात जो आनंद आहे, तो मोटारीतून थेट कठड्यापाशी उतरणाऱ्यास मिळत नाही. पाण्याचा आवाज आधी येतो, मग हवेतला गारवा अंगाला लागतो आणि शेवटी झाडांच्या फटीतून ती पांढरी धार दिसते. तीनदा भेटल्यावाचून धबधबा दर्शन देत नाही, असेच म्हणावेसे वाटते. परंतु गेल्या काही वर्षांत या आनंदावर दुःखाची छाया पडली आहे, हे नाकारता येणार नाही.

३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात पुण्याच्या एकाच कुटुंबातील ५ जण वाहून गेले. हातात हात धरून प्रवाहाच्या मध्यात उभ्या असलेल्या त्या माणसांचे चित्रण साऱ्या देशाने पाहिले. १५ जून २०२५ रोजी तळेगावजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीखाली कोसळला आणि ४ जणांचे प्राण गेले. जुलै २०२३ मध्ये गोव्यातील मैनापी धबधब्यावर दोघे बुडाले आणि तेथील वन खात्याने अभयारण्यांतील धबधब्यांचा मार्गच बंद केला. पुणे आणि रायगड या जिल्ह्यांतही पावसाळा आला की बंदीचे आदेश निघतात. दुर्घटना घडली की बंदी, हा आता जणू रिवाजच झाला आहे.

बंदीमागची अडचण समजून घेतली पाहिजे. शंभर ठिकाणी पाणी कोसळत असताना प्रत्येक ठिकाणी पोलीस उभा करणे कोणत्याही जिल्हाधिकाऱ्यास शक्य नाही. एखादा तरुण वाहून गेला तर जबाबदारी प्रशासनावर येते, आणि कागदावर सही करणे हा त्यातल्या त्यात सोपा उपाय ठरतो. तथापि, सरसकट बंदीने प्रश्न सुटत नाही, तो केवळ जागा बदलतो. नियम पाळणारे घरी बसतात. न पाळणारे आडवाटेने जातात, आणि आडवाटेवर ना दोर असतो ना हाक देणारा माणूस. शिवाय बंदी कॅलेंडर पाहून लागते. पाणी मात्र कॅलेंडर पाहत नाही. जुलैतील एखाद्या कोरड्या दिवशी जो ओढा घोट्याएवढा असतो, तोच सप्टेंबरातील एका सरीनंतर माणूस उलथवून टाकतो.

हे कसे घडते, ते साध्या हिशेबाने समजते. १ चौरस किलोमीटर क्षेत्रावर १ मिलिमीटर पाऊस पडला, तर त्याचे १० लाख लिटर पाणी होते. धबधब्याच्या वरच्या अंगाला २ चौरस किलोमीटरचे पाणलोट क्षेत्र असेल आणि तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर १० कोटी लिटर पाणी त्या उतारावर पडते. डोंगरगड-दरेकसा परिसरातील ग्रॅनाइट आणि रायोलाइट हे खडक दोन अब्ज वर्षांहूनही जुने आणि कठीण आहेत. जेथे खडकावर माती थोडी, तेथे पाणी मुरण्यास वाव कमी, आणि म्हणून त्यातील मोठा भाग तडक ओढ्याकडे धाव घेतो. हा पाऊस वर डोंगरात पडत असतो. खाली कुंडाजवळ उभ्या असलेल्यांच्या डोक्यावर कदाचित ऊनही असेल. म्हणूनच लोंढा ‘अचानक’ आला असे खालच्या माणसास वाटते. एक घनमीटर पाण्याचे वजन एक टन भरते. वेगाने धावणारे गुडघाभर पाणीही धडधाकट माणसाचे पाय उचलते, आणि शेवाळलेल्या खडकावर पाय एकदा सुटला की पोहण्याचे कौशल्य फारसे उपयोगी पडत नाही. धारेखालच्या फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असते. ते पाणी शरीरास नेहमीसारखे तोलून धरीत नाही.

पाणी आपल्या येण्याची वर्दी देते, मात्र ती ओळखता आली पाहिजे. स्वच्छ प्रवाह एकाएकी गढूळ होणे, काटक्या व पाने वाहत येणे आणि आवाज जड होणे या तीन खुणा जंगलाकाठच्या माणसास लहानपणापासून ठाऊक असतात. शहरातून आलेल्यास त्या ठाऊक नसतात. सुरक्षिततेचा खरा उपाय या दोघांची गाठ घालून देण्यात आहे.

हाजरा फॉलचे उदाहरण या दृष्टीने विचार करण्याजोगे आहे. अनेक वर्षे नक्षलग्रस्त म्हणून ओळखल्या गेलेल्या या भागात रोजगाराची साधने थोडी. तेथे गावकऱ्यांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीने पर्यटनाची व्यवस्था हाती घेतली आणि स्थानिक तरुणांना काम मिळाले. पावसाळ्यातील गर्दी हीच त्यांची सुगी. अशा ठिकाणी चार महिन्यांची सरसकट बंदी म्हणजे ज्यांना पाण्याची भाषा कळते, त्यांनाच पाण्यापासून दूर करणे होय. त्याऐवजी त्यांच्या हाती अधिकार आणि साधने द्यावीत. खडकावर रंगाचा पट्टा ओढावा. पाणी पट्ट्यास टेकले की फाटक बंद, मग पाहुणा कितीही दुरून आलेला असो. वरच्या अंगाला शिट्टी घेतलेला एक माणूस बसवावा. कुंडापाशी दोर आणि तरंगते कडे ठेवावे. एका वेळी किती माणसे आत सोडायची, याची मर्यादा ठरवावी. कुंडमळ्याच्या पुलाने तो धडा दिलाच आहे.

पाण्याप्रमाणे फाटक उघडणे-मिटणे ही कल्पना नवी नाही. दक्षिण अमेरिकेतील जगप्रसिद्ध इग्वासू धबधब्याचा प्रवाह ऑक्टोबर २०२२ मध्ये नेहमीच्या सरासरीच्या सुमारे नऊ-दहा पट वाढला, तेव्हा धारेच्या तोंडाशी जाणारा पूलवजा मार्ग बंद करण्यात आला, आणि पूर ओसरल्यावर पुन्हा खुला झाला. तेथे दोष ऋतूस दिला गेला नाही, त्या दिवसाच्या पाण्याचा मान राखला गेला.

अर्थात सारी जबाबदारी समितीवर ढकलून पाहुण्यास मोकळे होता येणार नाही. निघण्यापूर्वी हवामान खात्याचा इशारा पाहणे आता कठीण राहिलेले नाही. नारिंगी वा तांबडा इशारा असेल तर तिकीट काढलेले असूनही बेत पुढे ढकलावा. जवळचा रस्ता म्हणून रुळांवरून चालत जाण्याचा मोह दरेकशास होतो, तसाच तो गोव्याच्या दूधसागरलाही होतो. तो गुन्हा तर आहेच, पण पावसाच्या आवाजात मागून येणारी गाडी ऐकू येत नाही आणि बोगद्यात बाजूला होण्यास जागा नसते. मद्याची बाटली घरी ठेवावी. छायाचित्रासाठी प्रवाहाकडे पाठ करून उभे राहू नये. मुलांचा हात सोडू नये, आणि त्यांना घेऊन प्रवाह ओलांडू तर मुळीच नये.

सर्वांत अवघड शिस्त मात्र परत फिरण्याची आहे. पहाटे उठून डबे भरले, गाडी पकडली, चिखल तुडवला, आणि दोनशे पावलांवर पाणी गढूळ झालेले दिसले. अशा वेळी ‘एवढे आलोच आहोत’ हे वाक्य ज्याच्या तोंडी येते, तो स्वतःबरोबर इतरांनाही संकटात नेतो. खर्च झालेल्या श्रमाची भरपाई म्हणून जीव पणाला लावणे हा कोणत्याही हिशेबात न बसणारा व्यवहार आहे. चालणाऱ्या चमूतील वडीलधाऱ्याने ‘आज नाही’ म्हणावे आणि तरुणांनी ते ऐकावे, एवढी रीत घराघरांत रुजली, तर बंदीच्या आदेशांची गरज बरीच कमी होईल.

धबधबा न पाहता परतलेला दिवसही वाया जात नाही. ओल्या वाटेवरचा साल-सागाचा वास, दुरून ऐकलेला गंभीर नाद आणि संध्याकाळच्या पॅसेंजरच्या खिडकीतून निसटते दर्शन देणारी ती पांढरी रेघ एवढी शिदोरी कमी नव्हे. रात्री रुआबांध्याच्या घरात ओले कपडे दोरीवर पडतात आणि चहाचे आधण चढते. पाणी पुढच्या श्रावणातही कोसळणार आहेच. ते पाहायला घरची सारी माणसे तेवढीच असली पाहिजेत.