स्पीकर उडत नाही, उडवला जातो

"स्पीकर उडाला" असं म्हणत कुणी दुकानाची पायरी चढलं की माझं डोकं फिरतं. स्पीकर आपोआप उडत नाही. तुम्ही तो जाळलेला असतो.

कॉम्प्युटरचे छोटे स्पीकर दुरुस्तीला येतात, त्यांतले किती तरी याच मरणाने मेलेले असतात. कोन बोटाने हलकेच दाबला की आत खरखर घासतं. उघडलं की करपलेल्या लाखेचा वास येतो. केसासारख्या तारेची कॉइल तापून वाकडी झालेली, गोंद सुटलेला, वेढे चुंबकाच्या फटीत अडकलेले. ही एका क्षणाची करामत नव्हे. त्याआधी तासन्‌तास आवाज फाटत होता आणि कुणी उठून बटण मागे फिरवलं नाही, याचाच मला संताप आहे.

परवा एका शाळेतून अशी जोडी आली. स्नेहसंमेलनाच्या नाचाची तालीम, तीही मैदानावर, साठ मुलांसाठी, तीन इंची स्पीकरवर! सर म्हणाले, "खोक्यावर हजार वॅट लिहिलंय की हो." मी अडॅप्टर उलटा करून दाखवला: 12 व्होल्ट, 1 अँपिअर. गुणाकार करा, 12 वॅट. भिंतीतून सलग मिळणार तेवढंच, त्यातलंही काही उष्णतेत जाणार आणि उरलेलं दोन डब्यांत वाटलं जाणार. खोक्यावरचा हा पीएमपीओचा, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचा, आकडा धडधडीत खोटा असतो. तो मोजायची कुठलीही सर्वमान्य रीत नाही, छापणाऱ्याच्या मनाला येईल तो छापायचा. सरांनी त्यावर विश्वास ठेवला आणि शाळेचे पैसे गेले. विकत घेताना आरएमएसचा, म्हणजे सलग मिळणाऱ्या वॅटचा, आकडा विचारा. दुकानदार तो सांगत नसेल तर ते खोकं तिथेच ठेवा.

दुसरा गैरसमज मी रोज ऐकतो: "ॲम्प्लिफायरच एवढासा, तो काय जाळणार?" एवढासा आहे म्हणूनच जाळतो. त्याच्या कुवतीपेक्षा उंच लाट मागितली की तो तिचा माथा कापतो. आवाज फाटतो तो इथेच. माथा कापून लाट पार चौकोनी झाली, तर तेवढ्याच उंचीच्या गोलाईदार लाटेच्या दुप्पट वीज कॉइलमध्ये जाते. म्हणजे 3 वॅटचा म्हणून विकलेला ॲम्प्लिफायर त्याच कॉइलला जवळजवळ 6 वॅटने भाजू शकतो.

आणि तो बेस! इक्वलायझरवर खर्जाची पट्टी 12 डेसिबलने वर सारायची म्हणजे त्या सुरांना सोळापट वीज मागायची. सूर एक सप्तक खाली गेला की तेवढ्याच आवाजासाठी कोनाला चौपट लांब हलावं लागतं. तीन इंचाच्या कागदाला तेवढी जागाच नसते. तो टोकाला जाऊन आपटतो. काही प्लेअर तर आवाज 100 टक्क्यांवर थांबवतच नाहीत, 125 पर्यंत, कुठे 200 पर्यंत नेऊ देतात. गाणं आधीच पुरेपूर आवाजात रेकॉर्ड केलेलं असेल, तर शंभराच्या पुढे नवा आवाज नसतो, माथे कापणं असतं. 

कानाला आवाज दुप्पट वाटायला वीज सुमारे दसपट लागते. बटण पिळून ती येणार कुठून? त्यापेक्षा स्पीकर जवळ ओढा. अंतर निम्मं केलंत तर मोकळ्या जागेत 6 डेसिबल मिळतात. तेवढ्यासाठी एरवी वीज चौपट लागली असती. बेसची पट्टी शून्यावर आणा. आणि आवाज फाटला की त्याच क्षणी बटण मागे घ्या, गाणं संपायची वाट पाहू नका.

शाळेच्या जोडीत मी नवे स्पीकर बसवले. गाणं लावलं, आवाज फाटायला लागला तिथून बटण थोडं मागे घेतलं आणि तिथे लाल मार्करने रेघ ओढली. सरांनी विचारलं, "मग मैदानावर काय करायचं?"

"मांडववाल्याचा बॉक्स आणा. हे वर्गात ठेवा, रेघेच्या अलीकडे."